जुना बूट, नवा पाय

पहाटे ५:१५

मे महिन्यात धाराशिवला उजाडतं लवकर आणि तापतंही लवकर, म्हणून श्री तुळजाभवानी क्रीडा संकुलावर पोलीस भरतीची पोरं-पोरी अंधारातच येतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी असते. वेळ जास्त लागला की गुण कमी होतात. त्यांच्याच शेजारी माझ्या खो-खोच्या मुली अंग मोकळं करतात. मी रोज आधी त्यांचे पाय बघतो. कुणाच्या पायात भावाचे बूट, दोन बोटं मोठे, पुढे कापूस कोंबलेला. कुणाच्या पायात सँडल. एक-दोघी अनवाणी.

धाराशिवच्या पोरींनी खो-खोत काय केलं ते सांगायला नको. सारिका काळे इथलीच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण खेळ आता मातीवरून मॅटवर गेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तोही मॅटवर. मातीत अनवाणी पळून चालत होतं. मॅटवर झटक्यात दिशा बदलायची तर पकड असलेला, पायाला नीट बसणारा बूट हवा. राज्य सरकार २०२३ पासून सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना बूट आणि दोन जोडी मोजे देतं, विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरून. तो शाळेत घालायचा बूट. पळायचा बूट बापाच्या चार-सहा दिवसांच्या मजुरीचा, आणि नववीत गेलेल्या पोरीच्या वाट्याला तो १७० चा बूटही येत नाही.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या अंगणात जुने बूट येतात.

सकाळी ७:३०

पुण्या-हैदराबादेत नोकरीला लागलेली आमची जुनी मुलं पोती पाठवतात. रात्री निघालेलं पोतं सकाळी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उतरतं. पोतं अंगणात पालथं करायचं, घरात न्यायचं नाही. हातात रबरी मोजे, नाकाला रुमाल. प्रत्येक बूट उलटा करून दगडावर आपटायचा. विंचवाच्या मुलखात ही सवय कुणाला शिकवावी लागत नाही. मग लेस काढायची, सुकतळी उपसायची, जीभ पूर्ण बाहेर ओढायची. बंद बूट कधीच स्वच्छ होत नाही.

यानंतरचं काम दिवसभरात सर्वांत महत्त्वाचं, आणि त्यात पाणी लागत नाही, साबण लागत नाही. कोणता बूट ठेवायचा आणि कोणता टाकायचा ते ठरवायचं. बूट सपाट फरशीवर ठेवून मागून बघतो. टाच एका बाजूला कलली असेल तर आधीच्या माणसाची चाल त्या बुटात मुरली आहे. ती नव्या पोरीच्या घोट्यात आणि गुडघ्यात उतरणार. तो बाद. मग चवड्यापाशी वाकवून बघतो. बूट बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध वाकला तर बाद. मग अंगठ्यानं सोल दाबतो. पॉलियुरेथेनचे सोल नुसते कपाटात पडून राहिले तरी हवेतल्या ओलाव्यानं कुजतात. वरून बूट नवा करकरीत दिसतो आणि तिसऱ्या दिवशी सोलचा भुगा पडतो. आत काळे-हिरवे डाग खोलवर गेलेले असतील, अस्तर फाटून स्पंज उघडा पडला असेल, तर तोही बाद. त्या स्पंजापर्यंत कोणतंच औषध नीट पोचत नाही आणि तो वाळतही नाही.

निम्म्याच्या आसपास बूट इथेच बाजूला पडतात. पाठवणाऱ्यांना वाईट वाटतं. पण फुकट मिळालेल्या बुटामुळे पोरीचा पाय मुरगळला तर त्या फुकटाची किंमत तिनं मोजायची का?

बाद झालेलेही सगळेच वाया जात नाहीत. लेस, सुकतळ्या, चांगले सोल काढून ठेवतो. श्रेयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी मुंबईत सुरू केलेली ग्रीनसोल ही संस्था जुन्या बुटांच्या सोलपासून नव्या चपला बनवते. वरचं कापड फाटलं तरी खालचा सोल बराच काळ टिकतो, हे धावणाऱ्या माणसालाच सुचणार.

सकाळी ९

आधी सगळं कोरडं. जुन्या टूथब्रशनं आणि तारेच्या ब्रशनं सोलच्या खाचांतली माती काढायची. बूट ओला केला की मातीचा चिखल होतो आणि मग दुप्पट पाणी जातं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे बादलीत बूट बुडवून खळखळ धुण्याची चैन नाही, आणि तशी गरजही नाही. बुडवलेला बूट आतून दोन-दोन दिवस वाळत नाही, डिंक सुटतो, आणि ज्या बुरशीला मारायला निघालो तिलाच ओलावा मिळतो.

बुरशीचं नीट सांगायला हवं. पायाच्या बोटांत चिखल्या होतात, मांडीत नायटा उठतो, त्यामागे बहुतेक वेळा बुरशीच असते. तिचे बीजाणू त्वचेच्या झडलेल्या कणांबरोबर बुटात राहतात, महिनोन्‌महिने राहतात. गेल्या काही वर्षांत भारतात नायट्याच्या बुरशीची अशी जात पसरली आहे की नेहमीच्या गोळ्या-मलमांना ती दाद देत नाही. दुकानातून विचारून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी ती आणखी चिघळते. म्हणून बुटाचा वास गेला म्हणजे बूट शुद्ध झाला असं मी मानत नाही. अत्तरानं वास जातो. बीजाणू तिथंच असतात.

बुडवायचे ते फक्त कापडी बूट, लेस आणि धुता येणाऱ्या सुकतळ्या, आणि तेही गरम पाण्यात. ४० अंशांच्या कोमट पाण्यात ही बुरशी तग धरते, ६० अंशांना मरते. थर्मामीटर नसेल तर हात घालवणार नाही इतकं गरम पाणी घ्यावं आणि ते अर्धा तास गरम ठेवावं. पांढऱ्या कापडाला आणि रबरी सोलला टीसीएल पावडरचं पातळ, निवळलेलं पाणी चालतं. तीच पावडर जी ग्रामपंचायत विहिरीत टाकते. रंगीत कापडाला आणि कातड्याला मात्र ती लावू नये. आणि तिच्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नये. विषारी वायू सुटतो.

कातडी बुटाला ओलसर फडकं, थोडा साबण, पुन्हा ओलसर फडकं. बस.

सकाळी ११

ठेवलेल्या जोड्यांतले उसवलेले घेऊन स्टँडजवळ बूट शिवणाऱ्या मामांकडे. त्यांचा पत्र्याचा गटई स्टॉल समाजकल्याण खात्याच्या योजनेतून मिळालेला. आरी, रापी, दोरा, सोल्यूशनचा डबा, लोखंडी ऐरण. बूट हातात घेतला की ते आधी आत हात घालतात आणि बोटांनी चाचपतात. आत कुठे खिळा वर आलाय का, कुठे शिवण टोचतेय का. पोरगी पाच मिनिटं पळाली की तिथं फोड येणार हे त्यांना बोटांनी कळतं.

“सर, ह्यो शिवून देतो, पण ह्याला टाच न्हाई राह्यली. पोरीला देऊ नगा,” एक जोडी त्यांनी बाजूला ठेवली. मी ती सकाळी पास केली होती. मामांचा निर्णय शेवटचा. मजुरी ते घेतातच, आणि घ्यावीच. समाजसेवा म्हणून कारागिराकडून फुकट काम करून घेणं मला पटत नाही.

दुपारी १

आता ऊन. धाराशिवचं मे महिन्यातलं ऊन चाळिशीच्या पुढे जातं आणि शेतकऱ्याचा जीव काढतं. पण या कामात त्याच्याइतका स्वस्त मदतनीस नाही. सुकतळ्या, लेस, कापडी बूट पत्र्यावर पसरायचे, तासाभरानं उलटायचे. तीन दिवसांचं कडक ऊन बुरशी बरीच कमी करतं. कातडी आणि डिंकानं चिकटवलेले धावायचे बूट मात्र लिंबाच्या सावलीत, वाऱ्यावर, तोंड वर करून. आत वर्तमानपत्राचे बोळे. दोन-तीन तासांनी बोळे बदलायचे. तापल्या पत्र्यावर ठेवलेल्या बुटाचा सोल संध्याकाळी वेगळा निघतो.

दुपारी ३:३०

वाळलेल्या बुटांना स्पिरिट. मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते फवाऱ्याच्या बाटलीत. आत पुढे बोटांच्या टोकापर्यंत, टाचेच्या खोबणीत, जिभेच्या खाली. अस्तर ओलं राहील इतकं मारायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. पुसलं तर काम अर्धवट राहतं. हे उघड्या अंगणात करायचं. चूल, गॅस, उदबत्ती, विडी जवळ नको.

स्पिरिटवर सगळं सोपवूनही भागत नाही. चामखिळीचा विषाणू स्पिरिटनं सहज मरत नाही. म्हणून सुकतळी शक्यतो नवीनच घालतो. जुन्या माणसाचा घाम, त्वचा, पायाचा ठसा सगळं सुकतळीत असतं. ती बदलली की बूट निम्मा नवा होतो. अगदी थोड्या पैशांत होणारं हे काम लोक का टाळतात, मला कळत नाही. मुंबईत कामाठीपुऱ्याजवळच्या दीड गल्लीत शुक्रवारी पहाटे जुन्या बुटांचा बाजार भरतो. शिवून, चमकवून बूट मांडलेले असतात. तिथून आणलेल्या बुटालाही घरी हेच सगळं करावं. पॉलिश बाहेरून असतं, पाय आत जातो.

संध्याकाळी ५:३०

तयार झालेल्या, तीन दिवस वाळवलेल्या जोड्यांचं वाटप मैदानावर. आधी पोरींचे पाय धुऊन पुसून बघायचे, बोटांच्या बेचक्या उघडून. कुणाला चिखल्या असतील तर आधी सरकारी दवाखाना, मग बूट. नाहीतर आज शुद्ध केलेला बूट उद्या पुन्हा तसाच. नवे मोजे हातात ठेवल्याशिवाय बूट द्यायचा नाही. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, म्हणून माप याच वेळी. पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा, टाच निसटायला नको. दोन्ही पायांत घालून चालायचं, पळायचं, खांबाला वळसा घ्यायचा.

“सर, जरा चावतोय, पण चालंल,” एक जण म्हणाली. चालणार नाही. तिच्यासाठी दुसरी जोडी काढली. गरिबाच्या पोरीला “चालंल” म्हणायची सवय लागलेली असते. ती आपण मोडायची.

एकीची आई बाजूला थांबली होती. तिला स्वतःसाठी एक जोडी हवी होती. पायाला मुंग्या येतात, साखर आहे म्हणाली. तिला जुना बूट दिला नाही. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, दुसऱ्याच्या ठशाचा बूट कुठे घासतो ते कळत नाही, आणि साध्या फोडाची जखम होऊन बसते. अशा माणसाला नवा, मऊ, मापाचा बूटच हवा. तिला जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं, कोणत्या वारी, कोणत्या खिडकीला ते चिठ्ठीवर लिहून दिलं.

रात्री ८:३०

वहीत नोंद. कोणती जोडी, कोणाला, काय केलं. पोरींना सांगितलेलं पुन्हा वहीच्या पानावर: एक दिवस घातलेला बूट दुसऱ्या दिवशी वाळू द्यायचा, सुकतळी काढून ठेवायची, मैत्रिणीला उसना द्यायचा नाही.

आणि तुम्ही बूट पाठवणार असाल तर एवढं करा. तो बूट तुमच्या मुलीच्या पायात घालाल का, ते आधी स्वतःला विचारा. घालाल असं उत्तर आलं तर सुकतळी काढून टाका, एक दिवस उन्हात ठेवा, आणि दोन्ही बूट लेसनं एकमेकांना बांधून पाठवा. जोडी तुटलेला एकटा बूट आमच्याकडे प्रत्येक पोत्यात निघतो. त्यासोबत नव्या मोज्यांची एक जोडी ठेवलीत तर फारच चांगलं.