कचऱ्यावरील हक्क आणि शहरातील दारिद्र्य

दारिद्र्यनिर्मूलनाचा विषय निघाला की साऱ्यांची दृष्टी दिल्लीकडे, फार तर मंत्रालयाकडे वळते. महापालिकेने रस्ते झाडावेत, नळाला पाणी सोडावे आणि गटारे वाहती ठेवावीत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. वस्तुतः १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात नागरी संस्थांसाठी जी १८ कामे नमूद केली, त्यांत शहरी दारिद्र्याचे निवारण हेही एक आहे. काम सोपविले गेले. पैसा मात्र त्या प्रमाणात आला नाही. जकात गेली, मुंबईतील जकातही २०१७ मध्ये संपली, आणि राज्य सरकारच्या अनुदानावरील अवलंबित्व वाढले. तेव्हा गरिबांना वाटायला महापालिकेजवळ आहे तरी काय, हा प्रश्न सहज उपस्थित होतो.

वाटायला फारसे नाही, हे खरे. परंतु फेरीवाल्याने कोठे बसावे, वस्तीत नळ कोठवर न्यावा, कचरा कोणी उचलावा, हे निर्णय महापालिकेच्याच कचेरीत होतात आणि गरिबाचे दिवसाचे उत्पन्न त्यांवर अवलंबून असते. पुण्यातील कचरावेचकांची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

१९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेल्या अनेक कुटुंबांतील स्त्रियांच्या हाती कुंडीतील कागद, काच, पत्रा वेचण्याचेच काम उरले. या स्त्रिया बहुतांशी दलित. भंगारवाल्याकडे पडेल तो भाव घ्यायचा आणि पोलिसांच्या चोरीच्या संशयालाही तोंड द्यायचे, असा तो व्यवसाय. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव प्रभृतींच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिचे म्हणणे साधे होते : वेचक कचरा उचलतो म्हणून महापालिकेचा वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा खर्च वाचतो, सबब तो भिकारी नसून कामगार आहे. महापालिकेने हा युक्तिवाद मानला. नव्वदीच्या दशकात तिच्या मान्यतेची ओळखपत्रे वेचकांना मिळाली आणि पुढे त्यांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ताही तिने भरला. ओळखपत्राला खर्च तो किती? पण हटकणाऱ्याला दाखविण्यासाठी सरकारी शिक्क्याचा कागद हाती असणे म्हणजे काय, हे ज्याच्याजवळ तो नाही त्यालाच विचारावे.

पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे. ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. कुंडी चिवडण्याऐवजी वेचक घरोघर जाऊ लागले. घरटी मासिक शुल्क त्यांना मिळते, सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचेच. घरातच ओला-सुका वेगळा झाला तर माल स्वच्छ राहतो आणि भाव बरा येतो. शिवाय उत्पन्नाची एक बाजू शुल्कामुळे स्थिर राहते. २००८ च्या जागतिक मंदीत भंगाराचे भाव कोसळले तेव्हा या स्थैर्याचे मोल कळले. तीन हजारांहून अधिक सभासदांच्या घरात ही मिळकत जाते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. मोठा ठेकेदार आणि यंत्रे आणल्यास काम अधिक चोख होईल, हा पहिला. त्यात तथ्य असेलही. परंतु ठेक्याचा पैसा यंत्राच्या मालकाकडे जाईल आणि विस्थापित झालेल्या वेचकांचा भार अखेर शहरावरच पडेल, हा जमाखर्च कोणी मांडत नाही. दुसरा आक्षेप गंभीर आहे. पिढीजात हलक्या मानलेल्या कामाला अशाने कायमचे जखडून ठेवले जात नाही काय? याचे पूर्ण समाधान होईल असे उत्तर नाही. मात्र पन्नाशीतल्या निरक्षर बाईला दुसरे काम कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. तिच्या मुलीने झोळी उचलू नये, यासाठी आईचे उत्पन्न नियमित असणे ही पहिली अट आहे.

खरी उणीव महापालिकेच्या बाजूची आहे. पहिली मुदत संपल्यावर करार मुदतवाढ आणि नूतनीकरण यांच्या फेऱ्यांत सापडला. ज्याला पुढल्या वर्षीची खात्री नाही, तो वेचक ढकलगाडीसाठी कर्ज कशाच्या भरवशावर काढणार? झोपडपट्टीतील घरांकडून शुल्क वसूल करणे तर मुळातच कठीण; तेथील वाटा महापालिकेने अंदाजपत्रकातून उचलला पाहिजे. माल निवडण्यासाठी प्रत्येक प्रभागात छपराखालची जागा आणि नळ मिळाला तर पावसाळ्यात भिजून वाया जाणारा कागद वाचेल, आणि एवढ्यासाठी मंत्रालयाचे उंबरठे झिजविण्याचेही कारण नाही.