ताडपत्री किती लागेल?

नागपूरच्या आग्नेयेला कुही, मांढळ, भिवापूर हा पट्टा लागतो. थंडी सरत आली की इकडचे मिरचीचे सातरे भरतात. लालभडक पसरलेली मैदाने, घशात उतरणारी झोंब आणि देठ खुडत बसलेल्या बायांच्या रांगा. त्याच्या आधी, दिवाळीच्या मागेपुढे, धानाची मळणी उरकलेली असते. या दोन पिकांत शालेय भूमितीचे एक अख्खे प्रकरण उघड्यावर मांडलेले आहे. मात्र मुलांची नि त्याची गाठ पडते ती पुस्तकात. नववीला ‘पृष्ठफळ व घनफळ’, दहावीला ‘महत्त्वमापन’. सूत्रे पाठ, गुण पदरात, आणि परीक्षा संपली की सारे विसर्जित!

खळ्यावर ओतलेल्या धानाची रास घ्या. ती आपोआप शंकूच होते. समजा, तिची त्रिज्या ८ फूट आणि मधली उंची ६ फूट आहे. आभाळ भरून आले आहे. ताडपत्री केवढी लागेल? घाईत मनुष्य मधली उंची धरतो आणि शेंड्यापासून चारी बाजूंना सहा-सहा फूट पुरेल अशी ताडपत्री आणतो. पण पाऊस काही राशीच्या पोटातून सरळ खाली जात नाही, तो उतारावरून ओघळतो. तो उतार, म्हणजे पुस्तकातली ‘तिरकस उंची’, पायथागोरसच्या नियमाने १० फूट भरते. म्हणजे खालचे चार फूट धान सगळीकडून उघडे! सरकारी खरेदीत धानाच्या ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. भिजलेल्या राशीचे पुढे काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पुस्तकी हिशेबाने या शंकूचे वक्रपृष्ठफळ सुमारे २५१ चौरस फूट. उंची ६ धरून तेच गणित केले तर १५१ येते. चूक शंभर चौरस फुटांची. पण गंमत पुढेच आहे. २५१ चौरस फुटांची ताडपत्री आणली तरी रास झाकली जात नाही. दुकानात ताडपत्री चौकोनी मिळते. शेंड्यावर मध्य ठेवून चारी कडा जमिनीला टेकवायच्या तर किमान २० बाय २० हवी, म्हणजे ४०० चौरस फूट. वर दगड ठेवायला काठ हवा तो वेगळा. उरलेले कापड चुण्यांत जाते.

या चुण्यांनी एकेकाळी एका मोठ्या वादाचा निकाल लावला आहे. भास्कराचार्यांच्या आधी होऊन गेलेल्या लल्लाने गोलाचे पृष्ठफळ काढण्यासाठी वर्तुळाचे क्षेत्रफळ परिघाने गुणावे असे सांगितले होते. ७ व्यासाच्या चेंडूला या रीतीने सुमारे ८४६ हे उत्तर मिळते. भास्कराचार्यांनी हे खोडून काढले ते कापडाच्या साध्या तुकड्याने. परिघाच्या निम्म्या व्यासाचे गोल कापड घ्या आणि चेंडूवर घाला. अर्धा चेंडू पुरता झाकतो, वर चुण्या उरतात. हे कापड चेंडूच्या मधल्या वर्तुळाच्या जेमतेम अडीच पट असते. तेव्हा अख्ख्या चेंडूला पाच पटीहून कमीच लागणार. ‘लीलावती’त त्यांनी नेमके उत्तर दिले आहे: वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट. ७ व्यासाला सुमारे १५३.९४. चेंडूभोवती विणलेल्या जाळीची उपमाही तेथेच आहे. इ.स. ११५० च्या सुमारास हे लिहिले गेले. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ सालचा शिलालेख आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात सूत्र आले, ती चुणी मात्र आली नाही. मला हे फार खटकते.

मिरचीचे सारे उलटे. धान झाकायचे तर पृष्ठभाग कमी असलेला बरा, मिरची वाळवायची तर तो जितका वाढेल तितका हवा. वरच्याच मापाची मिरचीची रास असली तर तिचे घनफळ सुमारे ४०२ घनफूट. ऊन मिळते २५१ चौरस फुटांना, आतली मिरची कुजायला मोकळी. तीच तीन इंच जाडीने पसरली की सोळाशे चौरस फूट जागा व्यापते. सव्वासहा पटीहून अधिक अंग उन्हाला लागते. सातऱ्याला मैदान लागते ते यासाठी.

आणि कणगी? पाच फूट उंच, बावीस फूट लांब तट्टा वळवून एक कणगी केली तर तीत सुमारे १९२ घनफूट धान मावते. तोच तट्टा मधोमध कापून दोन कणग्या केल्या तर दोन्हींत मिळून ९६. बांबू तेवढाच, विणकरी तेवढीच, धान निम्मे! बुरडाची मेहनत पृष्ठफळाची आणि शेतकऱ्याची गरज घनफळाची. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत हे उदाहरण घातले तर कुहीतल्या पोराला त्याचे उत्तर घरी आजोबांनाही विचारता येईल.