पहिल्या फेरीची किंमत: लेस स्नीड आणि संघबांधणीचा वाद

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ खेळतात आणि प्रत्येक संघात प्रशिक्षकाइतकाच महत्त्वाचा, पण सामन्याच्या वेळी मैदानावर न दिसणारा एक अधिकारी असतो, तो म्हणजे जनरल मॅनेजर. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, कोणाला सोडायचे आणि कोणाच्या बदल्यात काय मागायचे, हे निर्णय त्याच्या अखत्यारीत येतात; या निर्णयांचे बरेवाईट परिणाम बहुधा दोन-तीन हंगाम उलटल्यावरच दिसत असल्यामुळे त्याच्या कामाविषयी मतभेद होणे स्वाभाविक असते. लॉस एंजेलिस रॅम्स या संघाचे जनरल मॅनेजर लेस स्नीड यांच्याविषयी हे मतभेद विशेष तीव्र झाले, कारण २०१७ ते २०२३ अशी सलग ७ वर्षे त्यांच्या संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीच्या पहिल्या फेरीत एकही खेळाडू घेतला नाही आणि याच काळात तो संघ दोनदा सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून एकदा विजेताही ठरला.

या वादाचे मर्म कळण्यासाठी दोन व्यवस्था समजून घ्याव्या लागतात. पहिली व्यवस्था ड्राफ्टची. दरवर्षी वसंत ऋतूत महाविद्यालयीन फुटबॉलमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड ७ फेऱ्यांत होते आणि आदल्या हंगामात सर्वांत दुबळ्या ठरलेल्या संघाला प्रत्येक फेरीत सर्वांत आधी निवडीचा हक्क मिळतो. हा निवडहक्क म्हणजे एक प्रकारचे चलनच असून, तो दुसऱ्या संघाला देऊन त्याच्याकडून तयार खेळाडू किंवा वेगळे निवडहक्क घेता येतात, आणि पुढील वर्षांचे हक्कही आजच देऊन टाकता येतात. दुसरी व्यवस्था वेतनमर्यादेची. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या खर्चाला जशी कमाल मर्यादा असते, तशीच मर्यादा एनएफएलमध्ये १९९४ पासून लागू असून २०२२ साली ती प्रत्येक संघाला सुमारे २०.८ कोटी डॉलर इतकी होती. ड्राफ्टमधून आलेल्या नवोदिताचे वेतन पहिली ४ वर्षे ठरावीक आणि तुलनेने अल्प असते. त्यामुळे असा खेळाडू गुणी निघाला तर संघाला मोठा लाभ होतो. पहिल्या फेरीतील हक्कांना जे मोल आले आहे, ते याच हिशेबातून.

स्नीड प्रारंभापासूनच हे मोल नाकारत होते असा समज असेल, तर तो चुकीचा आहे. २०१२ साली, संघ सेंट लुईस येथे असताना, त्यांनी सूत्रे हाती घेतली आणि त्यांचा पहिला मोठा सौदा अगदी उलट्या दिशेचा होता. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, रॉबर्ट ग्रिफिन याला मिळवण्यासाठी वॉशिंग्टनच्या संघाला दुसऱ्या क्रमांकाचा हक्क हवा होता. तो देऊन स्नीड यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ या तिन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क आणि शिवाय दुसऱ्या फेरीचा एक हक्क पदरात पाडून घेतला. डिसेंबर २०१४ मध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात नाणेफेकीसाठी रॅम्सने या सौद्यातून मिळालेले खेळाडूच पुढे पाठवले आणि तो सामनाही २४-० असा जिंकला. तरीही २०१२ ते २०१६ या पाच हंगामांत संघाला पराभवांपेक्षा अधिक विजय एकदाही मिळवता आले नाहीत. या पाच वर्षांचा अनुभव पुढील धोरणामागे किती होता हे बाहेरून सांगता येणार नाही, पण पहिल्या फेरीचे हक्क साठवल्याने संघ आपोआप उभा राहत नाही, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

अभ्यासकांनीही याच दिशेने बोट दाखवले होते. केड मॅसी आणि पुढे २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टच्या संशोधनातून असे दाखवले की, सर्वांत वरच्या हक्कांसाठी संघ वाजवीपेक्षा फार अधिक किंमत मोजतात, कारण खेळाडूचे भवितव्य ओळखण्याच्या आपल्या क्षमतेवर त्यांचा अवाजवी विश्वास असतो. एखाद्या स्थानासाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच स्थानासाठी त्याच्या लगेच नंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांच्या अभ्यासात निम्म्याहून किंचितच अधिक आढळली. ज्या वस्तूला बाजार तिच्या खऱ्या उपयुक्ततेपेक्षा अधिक भाव देतो, ती विकणे शहाणपणाचे असते. स्नीड यांच्या नंतरच्या सौद्यांचा सर्वांत सबळ बचाव हाच आहे.

हे सौदे मात्र सारख्याच प्रतीचे नव्हते, आणि वाद घालणारे दोन्ही पक्ष नेमके हेच विसरतात. २०१६ साली जॅरेड गॉफ हा क्वार्टरबॅक घेण्यासाठी रॅम्सने टेनेसीला त्या वर्षाचा आणि पुढच्या वर्षाचा पहिल्या फेरीचा हक्क देऊन पहिला क्रमांक मिळवला. २०१८ साली ब्रँडिन कुक्स या रिसीव्हरसाठी, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूसाठी, आणखी एक हक्क गेला. त्याच वर्षी चेंडू घेऊन धावणाऱ्या टॉड गर्लीला ४ वर्षांसाठी ६ कोटी डॉलरची करारवाढ देण्यात आली, पण मार्च २०२० मध्ये संघाने त्याला मुक्त केले आणि त्यानंतर लवकरच कुक्सलाही दुसऱ्या संघाकडे पाठवले. अशा वेळी जो खर्च अंगावर येतो, त्याला 'डेड मनी' म्हणतात: करारावर सही करताना दिलेली रक्कम वेतनमर्यादेच्या हिशेबात पुढील वर्षांवर विभागून दाखवलेली असते, आणि खेळाडू मध्येच गेला की तिचा उरलेला भाग जवळजवळ एकदम संघाच्या खात्यावर मांडला जातो. पैसे खर्च होतात, खेळाडू मात्र मैदानावर नसतो. स्नीड यांच्यावरील टीकेत जे खरोखर वजनदार आहे ते येथे आहे. हक्क गमावण्यापेक्षा अवेळी दिलेल्या मोठ्या करारांनी संघाचे अधिक नुकसान केले.

याउलट ऑक्टोबर २०१९ मध्ये जॅक्सनव्हिलकडून घेतलेला जेलन रॅम्झी, प्रतिस्पर्धी रिसीव्हरला रोखणारा अव्वल दर्जाचा कॉर्नरबॅक, आणि २०२१ साली डेट्रॉइटकडून घेतलेला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड, या दोघांसाठी मोजलेल्या किमतीची भरपाई झाली. स्टॅफर्डसाठी गॉफ, तिसऱ्या फेरीचा एक हक्क आणि २०२२ व २०२३ चे पहिल्या फेरीचे हक्क द्यावे लागले. त्याच हंगामात डेन्व्हरकडून बचावपटू व्हॉन मिलर आला आणि १३ फेब्रुवारी २०२२ रोजी रॅम्सने स्वतःच्याच सोफाय स्टेडियममध्ये सिनसिनाटीला २३-२० असे हरवून विजेतेपद मिळवले. विजयाच्या मिरवणुकीत स्नीड यांनी निवडहक्कांची शेलक्या शब्दांत संभावना करणारा टी-शर्ट घातला होता, आणि त्यामुळे 'ड्राफ्टला तुच्छ लेखणारा माणूस' ही त्यांची प्रतिमा कायम झाली.

ही प्रतिमा अन्यायकारक आहे. त्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कूपर कप हा २०१७ च्या तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर घेतलेला होता, आणि ज्याच्याभोवती सारी बचावफळी उभी होती, तो ॲरन डॉनल्ड २०१४ साली १३ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. स्नीड यांनी पहिली फेरी सोडली, ड्राफ्ट सोडला नाही. चार-पाच आधारस्तंभांना मोठे वेतन आणि त्यांच्याभोवती मधल्या व शेवटच्या फेऱ्यांतून आलेले अल्प वेतनाचे तरुण, अशी त्यांची रचना होती. तिच्यातील धोका उघड आहे. आधारस्तंभ जायबंदी झाले तर खाली काहीच उरत नाही, आणि २०२२ च्या हंगामात तेच घडले: स्टॅफर्ड, कप आणि डॉनल्ड तिघेही दुखापतींमुळे अनेक सामन्यांना मुकले आणि गतविजेता संघ ५ विजय, १२ पराभव अशा अवस्थेला पोहोचला.

विरुद्ध टोकाचे उदाहरण ग्रीन बेचे पूर्वीचे जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन यांचे आहे. त्यांनी खेळाडू विकत घेण्याऐवजी ड्राफ्टमधून निवडून घडवण्यावर भर दिला, २००५ साली २४ व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स मिळवला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकला. पण त्यांच्या कारकिर्दीत पुन्हा विजेतेपद आले नाही, आणि रॉजर्ससारखा खेळाडू हाताशी असताना बाहेरून मदत आणली नाही, असा दोष त्यांना देण्यात आला. सावधपणाचीही किंमत असते, फक्त ती खात्यावर दिसत नाही.

स्टॅफर्डच्या सौद्याचा निवाडा करताना डेट्रॉइटकडेही पाहिले पाहिजे. तेथील जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स हे पूर्वी स्नीड यांच्याच हाताखाली महाविद्यालयीन खेळाडूंची पारख करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. रॅम्सच्या पडझडीमुळे २०२३ चा हक्क सहाव्या क्रमांकाचा ठरला आणि तो पुढे फिरवून होम्स यांनी जहमीर गिब्स आणि सॅम लापोर्टा या नवोदितांच्या निवडीचे हक्क मिळवले. जानेवारी २०२४ मध्ये गॉफच्या नेतृत्वाखाली डेट्रॉइटने स्टॅफर्डच्या रॅम्सला २४-२३ असे हरवले. बाद फेरीतील डेट्रॉइटचा हा ३२ वर्षांतील पहिला विजय होता. एकाच व्यवहाराने दोन्ही संघांचे भले झाले, कारण एकाला वर्तमान हवे होते आणि दुसऱ्याला पायाभरणीसाठी वेळ. सौदा योग्य की अयोग्य हे संघ त्या क्षणी कोठे उभा आहे यावरून ठरवावे लागते, आणि २०२१ चे रॅम्स विजेतेपदाच्या इतके निकट होते की तेव्हाची सबुरी हीच चूक ठरली असती.

२०२२ च्या पडझडीनंतरचे स्नीड यांचे वर्तन पाहिले तर ते कोणत्याही एका सूत्राचे गुलाम नाहीत हे लक्षात येते. २०२३ साली ७ कोटी डॉलरहून अधिक डेड मनी एकदाच सोसून त्यांनी जुने हिशेब मिटवले, रॅम्झीला मायामीकडे पाठवून मिळालेल्या हक्कावर बायरन यंग घेतला आणि त्या वर्षी एकूण १४ नवोदित निवडले. त्यांपैकी पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर आलेल्या पुका नाकुआने पहिल्याच हंगामात १,४८६ यार्डांचे झेल घेऊन नवोदितांचा विक्रम केला. मार्च २०२४ मध्ये डॉनल्ड निवृत्त झाला, आणि पुढच्याच महिन्यात आठ वर्षांनी प्रथमच पहिल्या फेरीतून घेतलेला जॅरेड व्हर्स त्या हंगामातील सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. एप्रिल २०२५ मध्ये तर स्नीड यांनी आपला २६ वा क्रमांक अटलांटाला देऊन त्याच्या मोबदल्यात २०२६ चा पहिल्या फेरीचा हक्क मागून घेतला. त्या वेळी स्टॅफर्ड ३७ वर्षांचा झाला होता, आणि त्याच्यानंतरचा क्वार्टरबॅक हा संघापुढील सर्वांत मोठा प्रश्न होता.