लघवीच्या 'कल्चर' तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस का लागतात?

लघवी करताना जळजळ, सारखं लघवीला जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. अशा वेळी डॉक्टर अनेकदा दोन तपासण्या लिहून देतात. एकीचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, दुसरीसाठी मात्र 'परवा या' असं सांगतात. मग काही जण दुसरी तपासणी टाळून घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतात. इथेच गडबड होते.

दोन्ही तपासण्यांत फरक काय?

रुटीन तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली पस सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी मोजतात. त्यावरून संसर्गाची शंका येते. पण जिवाणू कोणता आणि तो कोणत्या औषधाने मरेल, हे कल्चरमधूनच कळतं.

लॅबमध्ये काय करतात?

लघवीचा अगदी छोटा थेंब, सहसा एका मिलिलीटरचा हजारावा भाग, बशीतल्या जेलीसारख्या पोषक माध्यमावर पसरतात. ही बशी साधारण 37 अंश सेल्सिअस तापमानात 18 ते 24 तास ठेवतात. एकटा जिवाणू डोळ्यांना दिसत नाही. पण तो वाढत गेला की त्याची वसाहत ठिपक्यासारखी दिसते. असे 100 ठिपके दिसले, तर एका मिलिलीटरमध्ये सुमारे 1 लाख जिवाणू आहेत असं मानतात.

1 लाख हा निकष अमेरिकन डॉक्टर एडवर्ड कास यांनी 1950च्या दशकात मांडला. मात्र लक्षणं असतील, तर त्याहून कमी आकडाही महत्त्वाचा ठरू शकतो.

त्यानंतर जिवाणू ओळखतात. बहुतेक वेळा तो आतड्यात राहणारा ई. कोलाय असतो. मग तो दुसऱ्या बशीत पसरवून त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवतात आणि पुन्हा रात्रभर वाट पाहतात. चकतीभोवती पुरेसं मोठं स्वच्छ वर्तुळ दिसलं, तर ते औषध लागू पडतं. रिपोर्टमध्ये त्यापुढे 'एस' लिहितात. 'आर' म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही.

नमुना देताना काय लक्षात ठेवावं?

- शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्या. नंतर दिला, तर संसर्ग असूनही बशीत काहीच न वाढण्याची शक्यता असते.
- सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्या. डबीला आतून हात लावू नका.
- दोन तासांत नमुना लॅबमध्ये पोहोचवा. उशीर होणार असेल, तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. बाहेर ठेवल्यास जिवाणू वाढतात आणि आकडा फुगतो.

रिपोर्टमध्ये अनेक प्रकारचे जिवाणू दिसले, तर बाहेरचे जंतू नमुन्यात मिसळल्याची शक्यता असते. मग तपासणी पुन्हा करावी लागू शकते.

जिवाणू सापडले म्हणजे औषध हवंच का?

नाही. लक्षणं नसतील, तर सहसा उपचारांची गरज नसते. गरोदरपण हा त्यातला महत्त्वाचा अपवाद. याउलट थंडी वाजून ताप येत असेल किंवा कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखत असेल, तर रिपोर्टची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. ते नमुना घेऊन औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरजेप्रमाणे ते बदलतात.