घरच्या लेथवर संगणकाचा ताल

धातूचा तुकडा चकमध्ये घट्ट धरून गरगर फिरवावयाचा आणि कठीण हत्याराची धार त्यास लावून नको असलेला भाग कीस करून काढून टाकावयाचा, एवढेच लेथचे मूळ काम. हत्यार दोन दिशांनी सरकते. एक तुकड्याच्या लांबीची, दुसरी त्याच्या मध्याकडे जाणारी. या सरकण्यासाठी दोन हातचाके असतात, आणि कारागिराचे सारे कसब त्या चाकांवर ठेवलेल्या दोन हातांत साठविलेले असते. इंग्लंड-अमेरिकेत घरामागील खोलीत असा लहान लेथ बाळगणाऱ्या हौशी लोकांची परंपरा जुनी आहे. अलीकडे त्यांतील पुष्कळांनी हातचाके काढून तेथे विजेच्या मोटारी बसविल्या आहेत, आणि हातांचे काम संगणकाकडे सोपविले आहे.

ही हौस वाटते तितकी नवी मात्र नव्हे. १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेने आकड्यांच्या हुकमाने चालणारे यंत्र प्रथम दाखविले, तेही मुळापासून नवे घडविलेले नव्हते. बाजारात मिळणारे एक मोठे मिलिंग यंत्र घेऊन त्यास निर्वात नळ्यांनी भरलेले नियंत्रणाचे कपाट जोडले होते, आणि भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून त्यास आज्ञा मिळत. आज त्या कपाटाचे काम करणारे सॉफ्टवेअर घरबसल्या विनामूल्य मिळते. त्यांतील ‘लिनक्ससीएनसी’ या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचा उगम अमेरिकन सरकारच्या प्रमाणमापन संस्थेत, १९९० नंतरच्या दशकात झाला. सरकारी काम म्हणून ते सर्वांस खुले राहिले, हौशी प्रोग्रामरांनी पुढे वाढविले, आणि २०११ साली त्यास आजचे नाव मिळाले.

यंत्राशी बोलावयाची भाषा म्हणजे ‘जी-कोड’. तिच्याइतकी अरसिक भाषा शोधून सापडणार नाही. ‘जी१ एक्स२० झेड-३० एफ०.१’ ही तिच्यातील एक ओळ. तीत एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबी आणि एफ म्हणजे दर फेऱ्यास हत्याराने पुढे सरकावयाचे अंतर. हत्यार वीस मिलिमीटर व्यासावर आधीच उभे असेल, तर या ओळीने ते सरळ चकच्या दिशेने कापीत जाते आणि तीस मिलिमीटरच्या खुणेवर थांबते. येथे नवख्याची पहिली फसगत होते. हत्यार एक मिलिमीटर आत गेले की व्यास दोन मिलिमीटरांनी घटतो. म्हणून एक्सचा आकडा व्यासाचा आहे की त्रिज्येचा, हे सॉफ्टवेअरला आधी सांगावे लागते. ते सांगावयाचे राहिले, तर दुप्पट खोल काप बसून हत्यार मोडण्याची वेळ येते.

खरी अडचण मात्र भाषेत नाही, ती वेळेत आहे. घरगुती लेथवर बहुधा स्टेपर मोटार बसवितात. ती एका फेऱ्याची दोनशे पावले करते. चालक-मंडल प्रत्येक पावलाचे आणखी दहा भाग पाडते. पाच मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा स्क्रू तिला थेट जोडला, तर एक मिलिमीटर सरकण्यास चारशे ठोके लागतात. आता तुकडा मिनिटास ३०० फेरे घेत आहे आणि त्यावर दीड मिलिमीटर अंतराचे आटे पाडावयाचे आहेत, असे समजू. म्हणजे हत्यार सेकंदास साडेसात मिलिमीटर गेले पाहिजे, आणि संगणकाने सेकंदास तीन हजार ठोके बिनचूक अंतराने दिले पाहिजेत.

घरातील सामान्य संगणक पाहुणचार करणाऱ्या गृहिणीसारखा असतो. सर्वांचे काम करतो, पण कोणाचे नेमके केव्हा करील याचा भरवसा नाही. चित्रपटावरील चौकट हलविण्यात त्याने पाच सहस्रांश सेकंद घालविले, तर पाहणाऱ्यास काहीच जाणवत नाही. परंतु तेवढ्यात पंधरा ठोके चुकतात, मोटार अडखळते आणि पुन्हा एकदम वेगाने धावण्याच्या हुकमाने जागच्या जागी गुरगुरते. यासाठी लिनक्सचा गाभाच असा बदलून घेतात की ठोक्यांचे काम आले म्हणजे इतर सर्व कामांनी थांबावे. दुसरा मार्ग, ठोके देण्याचे काम वेगळ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडे द्यावयाचे आणि संगणकाने केवळ आराखडा सांगावयाचा. खर्च थोडा वाढतो, पण जुना संगणक वापरणाऱ्याने हाच मार्ग धरावा हे बरे.

आटे पाडण्यात या तालाची खरी परीक्षा होते. इंग्लंडातील हेन्री मॉडस्ली याने १८०० च्या सुमारास आपल्या लेथवर फिरता तुकडा आणि हत्यार सरकविणारा स्क्रू यांस दंतचक्रांनी जखडून टाकले. चक्रे बदलली की आट्यांचे अंतर बदले; पण एक फिरले की दुसऱ्यास फिरणे भाग होते. संगणकाच्या लेथवर ती दंतचक्रे नाहीतच. त्यांच्या जागी फिरत्या दांड्यावर एन्कोडर बसवितात. तो प्रत्येक फेऱ्यात शेकडो सूक्ष्म खुणा मोजून पाठवितो, आणि सॉफ्टवेअर त्या मोजणीवरून हत्यार चालविते. काप जड होऊन दांडा मंदावला, तर हत्यारही तितकेच मंदावते.

तरीही एक गोष्ट उरते. दीड मिलिमीटरचा आटा सुमारे नऊ दशांश मिलिमीटर खोल असतो. तो एका दमात कापत नाहीत, अनेक खेपांनी कापतात, आणि प्रत्येक खेप आधीच्याच चरीत उतरली पाहिजे. म्हणून एन्कोडर फेऱ्यातून एकदाच एक निराळी खूण देतो. तबलजीच्या आवर्तनातील समेसारखी ती खूण येईपर्यंत हत्यार थांबून राहते, आणि सम येताच निघते. ती खूण नसेल, तर दुसऱ्या खेपेस पहिला आटा उभा चिरला जातो.

स्टेपर मोटारीचा एक दोष सॉफ्टवेअरला झाकता येत नाही. ती हुकूम ऐकते, पण उलट काही सांगत नाही. अडखळली की ती सहसा चार पावलांच्या पटीत मागे पडते; वरील स्क्रूवर तो फरक एक दशांश मिलिमीटर, आणि व्यासावर त्याच्या दुप्पट. पडद्यावरचे आकडे मात्र निर्विकारपणे बरोबरच दिसत राहतात.

आणखी एक सोय अशीच धोक्याची आहे. धार धातूवर एकाच वेगाने चालावी म्हणून सॉफ्टवेअर व्यास घटेल तसे फेरे वाढविते. मिनिटास १२० मीटरचा वेग मागितला, तर ५० मिलिमीटर व्यासावर सुमारे ७६० फेरे होतात, १० वर ३८००, आणि २ वर एकोणीस हजार. मध्यबिंदूपाशी तर हिशेबाला अंतच नाही. चक तेवढ्या वेगासाठी केलेला नसतो. त्याची पकड सैल होते आणि तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. म्हणून त्याच ओळीत फेऱ्यांची कमाल मर्यादा लिहून ठेवावी लागते.

जाणते लोक नवा प्रोग्राम प्रथम हवेतच चालवितात. हत्यार तुकड्यापासून दूर ठेवून, वेग कमी करून, एकेक ओळ पाहत. हातापाशी मोठे तांबडे बटण असते. त्याची तार संगणकामार्फत नेत नाहीत. बटण दाबताच मोटारींची वीज परस्पर तुटते.