संगणकाधारित व हस्तलिखित परीक्षा : भिवंडीतील शालेय विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
मूल्यमापन हा अध्यापन प्रक्रियेचा अविभाज्य घटक होय. महाराष्ट्रातील विद्यार्थी दहावी-बारावीची मंडळाची परीक्षा प्रामुख्याने हस्तलिखित उत्तरपत्रिकेवर देतो. मात्र बारावीनंतर लगेच येणारी एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. साधन बदलल्याने मोजली जाणारी क्षमताही बदलते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माध्यमाचा गुणांवरील परिणाम :
अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१५ व २०१६ मध्ये पार्क ही चाचणी काही शाळांत संगणकावर, तर काही शाळांत कागदावर घेण्यात आली. बॅकस व कोवन यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार संगणकावर चाचणी देणाऱ्यांचे गुण गणितात सुमारे ०.१० आणि इंग्रजीत सुमारे ०.२५ प्रमाण विचलनाने कमी होते. दुसऱ्या वर्षी ही तफावत दोन्ही विषयांत घटली. म्हणजेच तफावतीचा काही भाग तरी साधनाच्या अपरिचयातून आला असावा, असे म्हणता येईल.

लिपी व लेखनप्रक्रिया :
बहुपर्यायी प्रश्नांत केवळ पर्याय निवडावयाचा असल्याने टंकलेखनाचा प्रश्न उद्भवत नाही. दीर्घोत्तरी प्रश्नांत मात्र तो निर्णायक ठरतो. 'शिक्षण' हा शब्द इनस्क्रिप्ट कळफलकावर श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण अशा क्रमाने उमटविता येतो. हाताने लिहिताना 'क्ष' हे एकच अक्षर असते. हा क्रम न शिकलेल्या विद्यार्थ्याचा वेळ विचारापेक्षा कळ शोधण्यात खर्च होतो. दुसरीकडे, हस्तलिखित पद्धतीही सर्वस्वी निर्दोष नाही. परीक्षकावर हस्ताक्षराचा पडणारा प्रभाव टंकलिखित उत्तरात टळतो.

भिवंडीचा संदर्भ :
यंत्रमाग व्यवसायामुळे देशाच्या विविध भागांतील कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. परिणामी येथे मराठीसोबत उर्दू व तेलुगू माध्यमातूनही शालेय शिक्षण दिले जाते. उर्दूची लिपी उजवीकडून डावीकडे जाते, तर तेलुगूची लिपी देवनागरीहून निराळी आहे. अशा वर्गांत टंकलिखित उत्तरांची सक्ती झाल्यास एकाच प्रश्नपत्रिकेतून विषयज्ञानासोबत तीन भिन्न टंकलेखन-कौशल्यांची परीक्षा होईल. घरात मोबाईल आहे म्हणून कळफलकाचा सराव आहे, असे गृहीत धरणेही योग्य नव्हे.

निष्कर्ष व सूचना :
१) वस्तुनिष्ठ चाचण्या पुरेशा सरावानंतर संगणकावर घेण्यास हरकत नसावी.
२) भाषा व दीर्घोत्तरी विषयांत मातृभाषेतील टंकलेखन अभ्यासक्रमातून शिकविले जाईपर्यंत हस्तलेखन कायम ठेवावे.
३) महाविद्यालयांनी आपल्या संगणक प्रयोगशाळा सुटीच्या काळात परिसरातील शाळांना सरावासाठी उपलब्ध करून द्याव्यात.
४) प्रवेशाच्या वेळी मंडळाचे गुण व सीईटीचे पर्सेंटाइल यांत मोठी तफावत दिसल्यास तिचा अर्थ केवळ विद्यार्थ्याच्या गुणवत्तेत शोधू नये.

परीक्षेचे साधन विद्यार्थ्यास परिचित असेल, तरच त्याच्या ज्ञानाचे मापन न्याय्य ठरते. हा परिचय घडविण्याची जबाबदारी शाळांइतकीच महाविद्यालयीन अध्यापकांचीही आहे.