शाळेचा निधी आणि मागणीची भाषा : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात

गावच्या शाळेसाठी लोकांनी शासनाकडे पैसा मागणे ही घटना अर्थव्यवहाराची जितकी, तितकीच भाषाव्यवहाराचीही आहे. मागणारा स्वतःस कोण समजतो, ज्याच्याकडे मागावयाचे त्यास कोण समजतो आणि मागितलेली वस्तू मुळात कोणाची आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मागणीच्या शब्दांतच दडलेली असतात. प्रस्तुत लेखात पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील सार्वजनिक शाळांच्या संदर्भात या संबंधाचा विचार केला आहे.

प्रथम या परिसराची घडण ध्यानात घेतली पाहिजे. 1954 साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे 1962 साली तीन महिन्यांच्या अंतराने दोन संस्था अस्तित्वात आल्या : 1 मे रोजी जिल्हा परिषदा आणि 1 ऑगस्ट रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा पहिलीकडे आल्या. कारखान्यांसाठी जमीन, पाणी व रस्ते सिद्ध करण्याचे काम दुसरीकडे गेले. कारखान्यापाठोपाठ कामगारांचे कुटुंब येणार आणि त्या कुटुंबातील मूल शाळेत जाणार, हे उघड होते. तथापि या दोन योजनांना जोडणारा दुवा मात्र तेव्हा निर्माण झाला नाही. पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी यांची 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. 1997 मध्ये भोवतालची आणखी गावे तीत समाविष्ट झाली. परिणामी आज इंद्रायणीच्या अलीकडे मोशीची शाळा महानगरपालिकेची, तर पलीकडे खेड तालुक्यातील शाळा जिल्हा परिषदेची, अशी स्थिती आहे. एकीस स्वतःच्या करउत्पन्नाचा आधार आहे. दुसरीची भिस्त मुख्यतः राज्याच्या अनुदानावर आहे. दोन्ही शाळांतील पालक मात्र पुष्कळदा एकाच औद्योगिक पट्ट्यात कामास जाणारे असतात.

वाढत्या वस्तीच्या शाळेस पैसा अपुरा का पडतो, याचे उत्तर अनुदानाच्या रचनेत सापडते. 2018 साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेखाली शाळेस किरकोळ दुरुस्ती, साहित्य, वीज इत्यादींसाठी दिले जाणारे संयुक्त अनुदान पटसंख्येच्या टप्प्यांवर ठरविले गेले. 101 ते 250 विद्यार्थ्यांच्या शाळेस 50,000 रुपये आणि 251 ते 1,000 विद्यार्थ्यांच्या शाळेस 75,000 रुपये, असे ते टप्पे होत. 101 मुलांच्या शाळेत हे अनुदान दर मुलामागे सुमारे 495 रुपये पडते. तीच शाळा 250 मुलांपर्यंत वाढली की ते 200 रुपयांवर येते. आणि 1,000 मुलांच्या शाळेत केवळ 75 रुपये उरते. स्थिर वस्तीच्या गावात हा दोष फारसा जाणवत नाही. चाकणसारख्या ठिकाणी, जेथे पट दरवर्षी वाढतो, तेथे मात्र शाळेची वाढ हीच तिची शिक्षा ठरते. शिक्षकसंख्येचीही गत अशीच आहे. संचमान्यतेसाठी परंपरेने 30 सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते. त्यानंतर आलेले स्थलांतरित मूल वर्गात बसते, परंतु हिशेबात बसत नाही.

अशा परिस्थितीत पालक काय लिहितात? मराठी अर्जाची रूढ वाक्यरचना सर्वपरिचित आहे : ‘आमच्या शाळेस वर्गखोली मिळावी, ही नम्र विनंती.’ या वाक्यातील क्रियापद विचारात घेण्याजोगे आहे. ‘मिळणे’ या क्रियापदास घेणारा लागतो आणि वस्तू लागते. देणाऱ्याचा उल्लेख त्यास आवश्यक नसतो. ‘पाऊस पडावा’ असे म्हणावे, तशीच ‘खोली मिळावी’ ही इच्छा होय. याउलट ‘जिल्हा परिषदेने वर्गखोली द्यावी’ असे म्हणताच कर्ता वाक्यात येतो आणि त्याच्याबरोबर उत्तरदायित्वही येते. पहिल्या वाक्याचा अर्ज फेटाळला गेला तरी कोणी काही नाकारले असे व्याकरणदृष्ट्या घडतच नाही.

शब्दसंग्रहातही हाच प्रकार दिसतो. ‘अनुदान’ या शब्दात ‘दान’ आहे. ‘मदत’ व ‘देणगी’ यांत देणाऱ्याचे औदार्य गृहीत आहे. ‘लोकवर्गणी’ व ‘लोकसहभाग’ यांत भार लोकांकडे सरकतो. कायद्याने जे कर्तव्य ठरविले, त्याचे नाव मात्र दानाच्या कुळातले राहिले, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही.

ही विसंगती फार पूर्वी ओळखली गेली होती. 1882 साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्यांच्या श्रमातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो हे दाखवून दिले आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सुचविले. त्या निवेदनाची मांडणी याचकाची नव्हे. आपलाच पैसा कोठे गेला हे विचारणाऱ्याची आहे. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, त्यात खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने व एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा अशी वाटणी स्पष्ट होती. 1912 मध्ये ते विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. परंतु कोणी किती द्यावयाचे हा प्रश्न आकड्यांत मांडण्याची रीत त्यातून पुढे आली.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला, तेव्हा या रीतीस कायद्याचे बळ मिळाले. त्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे. कलम 22 प्रमाणे या समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो आणि शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजना व अनुदाने यांस तोच आराखडा आधार असावयाचा असतो. केंद्राच्या 2010 च्या नियमांनुसार हा आराखडा तीन वर्षांचा असून त्यात वर्गनिहाय पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, इमारत व साहित्य यांची गरज आणि त्यांचा खर्च नमूद करावयाचा असतो. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल याची तजवीज करण्याचे कर्तव्य कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. म्हणजेच पालकांच्या हाती आज अर्जाहून निराळा असा एक दस्तऐवज आहे. व्यवहारात तो पुष्कळदा रकाने भरण्याचा उपचार होऊन बसतो, ही गोष्ट वेगळी.

या पट्ट्यात दुसरा एक मार्ग सहज उपलब्ध आहे, तो कारखान्यांच्या निधीचा. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 ने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्यास सांगितले. 18 सप्टेंबर 2023 च्या शासननिर्णयाने तर शाळा दत्तक घेण्याची योजना आणली आणि देणगीदाराचे नाव ठराविक काळ शाळेस जोडण्याची मुभा दिली. ‘दत्तक’ हा शब्द येथे बोलका आहे. दत्तक मूल जन्मदात्याचे राहत नाही. कंपनीच्या देणगीतून खोली उभी राहू शकते, ही जमेची बाजू आहेच. परंतु कोणत्या शाळेस द्यावयाचे ही निवड देणाऱ्याची असते आणि शिक्षकाचे कायम पद तिच्यातून निर्माण होत नाही.

लोकसहभागाची शक्ती कमी लेखावयाची, असा याचा अर्थ नव्हे. चाकणच्याच खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेस, दत्तात्रय वारे गुरुजींच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांच्या सहकार्याने झालेल्या कामाबद्दल, 2025 साली जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. गावाने मनावर घेतले तर शाळा कोठवर जाते याचे हे उदाहरण होय. मात्र त्यावरून ‘गाव करू शकते, मग शासनाने का करावे?’ असा निष्कर्ष काढणे तर्कदुष्ट ठरेल. कालच आलेल्या आणि उद्या कदाचित अन्यत्र जाणाऱ्या कामगाराच्या वस्तीस असे स्थिर गाव कोठून असणार?

अशा वस्तीच्या मागणीचे निराळे रूप नाशिक जिल्ह्यात दिसले. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची शाळा बंद झाली, तेव्हा 2022 साली मुले बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली. त्यांची घोषणा ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ अशी होती. दोन्ही क्रियापदे आज्ञार्थी असून दोहोंचा कर्ता समोर उभा आहे. ‘मिळावी’ या शब्दात जो देणारा अदृश्य होतो, तो ‘घ्या’ व ‘द्या’ या शब्दांत निसटू शकत नाही.

घोषणा प्रसंगापुरती असते. आराखडा दरवर्षीचा असतो. समजा, चाकणजवळच्या एखाद्या शाळेच्या समितीने लिहिले : ‘पटावर 130 मुले, अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे शिक्षक 5, प्रत्यक्ष 3, उणीव 2, ती जिल्हा परिषदेने भरून काढावी.’ या वाक्यात विनंती नाही, तसा उद्धटपणाही नाही. त्यात मोजमाप आहे, नियम आहे आणि कर्ता आहे. याला ‘नाही’ म्हणावयाचे झाल्यास उत्तर देणाऱ्यासही आकड्यांतच आणि स्वतःच्या नावानेच बोलावे लागते. या पट्ट्यातील सार्वजनिक शाळांच्या निधीचा प्रश्न केवळ वाक्यरचनेने सुटणार नाही हे खरे. परंतु ज्या वाक्यात देणाराच नाही, त्या वाक्याने तो विचारलाही जात नाही.